सी मधे मेसेजच्या फील्डना मेमरी कशी द्यायची: २० केबी रॅममधल्या बस-बोर्डाचा पूर्ण हिशोब

बसमधल्या एलईडी बोर्डावर पुढच्या थांब्याचं नाव मराठीत दाखवायचं, एवढंच काम होतं. सर्व्हर फेरीची यादी पाठवणार, मोडेम ती यूएआर्टवर (कंट्रोलरच्या सिरियल पोर्टवर) देणार, आमचा कंट्रोलर ती डीकोड करून बोर्डावर फिरवणार. ऑफिसात टेबलावर सगळं महिनाभर व्यवस्थित चाललं, कारण टेस्टिंगला आम्ही इंग्रजी नावं वापरत होतो. गाडीत बसवल्यावर पहिल्याच दिवशी बोर्डावर आदल्या फेरीची यादी फिरत राहिली आणि माणसं दादरला उतरायचं सोडून बोर्डाकडे बघत बसली.

कारण शोधायला एक दिवस गेला आणि ते होतं एका फील्डच्या मर्यादेत. थांब्याच्या नावाला आम्ही ४० बाइट दिल्या होत्या. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ हे नाव इंग्रजी स्पेलिंगमधे ३६ बाइटचं होतं म्हणून बसत होतं, देवनागरीत तेच नाव ८१ बाइटचं होतं. आम्ही घाईत ४० चे ९६ केले, आठवड्याने विमानतळाची फेरी सुरू झाली आणि परत तेच. तेव्हा ठरवलं की आता अंदाज बंद, प्रत्येक फील्ड मोजायचं. खाली जे लिहितोय ते त्या मोजणीतून आलंय, आणि माझं ठाम मत आहे की छोट्या कंट्रोलरवर मेमरीचा निर्णय मॅलोक (चालू असताना मेमरी मागणारं फंक्शन) लिहिताना होत नाही, मेसेजची व्याख्या लिहिताना प्रत्येक फील्डची कमाल मर्यादा ठरवता तेव्हाच होतो.

उदाहरणाला प्रोटोकॉल बफर्स आणि नॅनोपीबी घेतोय. प्रोटोकॉल बफर्स म्हणजे माहिती ठरलेल्या साच्यात बांधून मोजक्या बाइटमधे पाठवायची पद्धत, गूगलने ती २००८ मधे खुली केली, आणि नॅनोपीबी ही त्याची मायक्रोकंट्रोलरसाठीची सी लायब्ररी, पेटेरी आयमोनेन यांनी २०११ पासून लिहिलेली. कोड साधारण ५ ते १० केबी फ्लॅश खातो आणि स्टॅकवर अंदाजे ३०० बाइट, तुमच्या मेसेजची जागा वेगळी. कंट्रोलर म्हणजे आपला लॅमिंग्टन रोडवर मिळणारा ब्लू पिल, एसटीएम३२एफ१०३सी८, फ्लॅश ६४ केबी आणि रॅम २० केबी, म्हणजे २०४८० बाइट. फंक्शन आणि ऑप्शनची नावं मी आपण तोंडाने म्हणतो तशी लिहिलीयत, फाइलमधे ती रोमनमधेच टाकायची.

आधी मेसेज कागदावर मांडा

आमच्या ‘फेरी’ मेसेजमधे चार फील्ड आहेत. फेरी क्रमांक, गाडीचा नंबर, थांब्यांची यादी, आणि एक सूचना म्हणजे ‘आज मार्ग बदलला आहे’ वगैरे मजकूर. यादीतला प्रत्येक ‘थांबा’ हा स्वतः एक छोटा मेसेज, त्यात थांब्याचा आयडी, नाव आणि गाडी किती मिनिटं उशिरा किंवा लवकर आहे ते.

आता लक्षात घ्या की एकाच फील्डला दोन आकार असतात आणि नवीन माणूस हमखास इथेच गोंधळतो. एक तारेवरचा, म्हणजे पाठवताना किती बाइट जातात, आणि दुसरा स्ट्रक्टमधला, म्हणजे डीकोड झाल्यावर रॅममधे किती जागा अडते. तारेवर ‘दादर’ हे नाव १२ बाइट अधिक टॅग (कोणतं फील्ड ते सांगणारा आकडा) आणि लांबी अशा १४ बाइटमधे जातं, पण स्ट्रक्टमधे नावाचं अरे १२८ चं असेल तर दादर पण १२८ च अडवणार. ह्या दोन्ही आकारांचा कमाल आकडा तुम्हाला माहीत पाहिजे, कारण पहिल्यावरून रिसीव्ह बफर ठरतो आणि दुसऱ्यावरून बाकी सगळं.

मर्यादा नसलेली स्ट्रिंग, बाइट्स किंवा रिपीटेड (म्हणजे यादीचं) फील्ड दिलंत तर नॅनोपीबी स्वतःहून जागा देत नाही, ते फील्ड सरळ कॉलबॅक बनतं, म्हणजे माहिती आली की लायब्ररी तुमचं फंक्शन बोलावते आणि ती कुठे ठेवायची ते तुम्ही बघायचं. खूप जण इथे अडतात, ‘माझ्या स्ट्रक्टमधे कॅरेक्टर अरे का नाही, हे पीबी_कॉलबॅक_टी काय आलं’ असं विचारतात. ऑप्शन्स फाइलमधे, म्हणजे मेसेजच्या व्याख्येसोबत नॅनोपीबीला मर्यादा सांगणाऱ्या फाइलमधे, मर्यादा लिहिली नाही, एवढंच कारण असतं.

नाव मोजायचं कसं

यूटीएफ-८ मधे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. अक्षर नाही, चिन्ह. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलंत पण वेगळा. ‘मुंबई’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात पण आत म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हं आहेत म्हणजे १५ बाइट. ‘टर्मिनस’ मधे ट, र, हलंत, म, वेलांटी, न, स, सात चिन्हं, २१ बाइट. पूर्ण सीएसएमटीचं नाव २६ चिन्हं आणि ३ स्पेस, ७८ अधिक ३, ८१.

मर्यादा ४० असताना शेवटच्या शून्याची एक बाइट वजा जाता मजकुराला ३९ उरतात. ‘छत्रपती’ २१, स्पेस धरून २२, पुढे १७ शिल्लक. ‘शिवाजी’ ला १८ लागतात. म्हणजे कुणी स्वतःच्या कोडने नाव ३९ वर कापलं तर कात्री नेमकी शेवटच्या दीर्घ वेलांटीच्या मधोमध चालते, तीनपैकी दोन बाइट आत आणि एक बाहेर, आणि फाँट रेंडरर पुढे काय दाखवेल त्याची खात्री नाही. म्हणून कापायचंच असेल तर मागे मागे या, ज्या बाइटचे वरचे दोन बिट १ आणि ० आहेत ती चिन्हाच्या मधली बाइट, ती ओलांडून चिन्हाची सुरुवात येईपर्यंत मागे जायचं आणि तिथे शून्य ठेवायचं. तरी हलंतावर कापलं जाऊन शेवटी पाय मोडलेलं अक्षर राहू शकतं, तेव्हा शेवटचं चिन्ह हलंत असेल तर तो आणि त्याच्या आधीचं व्यंजन पण काढा. नॅनोपीबी स्वतः कापत बसत नाही, जागा कमी पडली की ‘स्ट्रिंग ओव्हरफ्लो’ म्हणून एरर देतं आणि अख्खा मेसेज नापास होतो, नुसतं ते फील्ड नाही. आमची सगळी यादी त्या एका नावामुळे गेली होती.

अजून एक, मराठी टाइप करणाऱ्यांसाठी. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र काही कीबोर्ड झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह घालून लिहितात, काही घालत नाहीत. दिसायला दोन्ही सारखेच पण पहिल्यात ३ बाइट जास्त. त्यामुळे नावांची यादी सर्व्हरकडून येते तशीच घ्या, स्वतः टाइप करून मोजू नका, स्क्रिप्टने बाइट मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा काढा. आमच्या यादीत तो ‘छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ’ हा निघाला, ३९ चिन्हं आणि ४ स्पेस, १२१ बाइट. म्हणून आमची नावाची मर्यादा मॅक्स_साइझ:१२८, शेवटचा शून्य धरून. १२८ घेण्यामागे अजून एक कारण आहे, मजकूर १२७ पर्यंत असेल तर तारेवर लांबीचा आकडा एकाच बाइटमधे जातो, १२८ झाला की दोन लागतात.

ऑप्शन्स फाइलमधे मॅक्स_लेंग्थ असाही पर्याय आहे, तो शेवटचा शून्य सोडून मोजतो. दोन्हीपैकी एकच पद्धत पूर्ण प्रोजेक्टमधे ठेवा, नाहीतर कधीतरी एका बाइटने नाव जाईल आणि दोन दिवस त्यात जातील.

आता बेरीज

थांब्याचं स्ट्रक्ट: आयडी ४, नाव १२८, मिनिटं ४, एकूण १३६. यादीत जास्तीत जास्त ३० थांबे म्हणून मॅक्स_काउंट:३०, म्हणजे ४०८०. फेरी क्रमांक ४, गाडी नंबर १६, किती थांबे आले ते सांगणारा काउंट २ आणि अलाइनमेंटसाठी २ रिकामे, सूचना ३०१. शेवटी ४ च्या पटीत आणून सगळं मिळून ४४०८ बाइट.

तारेवरचा कमाल आकार असा. थांब्याच्या आयडीला टॅग १ आणि व्हॅरिंट (आकड्याप्रमाणे कमी-जास्त बाइट घेणारी संख्या) ५, नावाला १ अधिक १ अधिक १२७, मिनिटांना १ अधिक ५, एकूण १४१. तो थांबा यादीत जाताना त्याचा टॅग १ आणि लांबी २, म्हणजे १४४. तीस थांब्यांचे ४३२०. बाकी फील्ड धरून फेरी मेसेज जास्तीत जास्त ४६४६ बाइट. हा आकडा हाताने काढायची गरज नसते, सगळ्या फील्डना मर्यादा असेल तर जनरेटर स्वतःच हेडरमधे मेसेजच्या नावापुढे साइझ लावून मॅक्रो देतो, तोच वापरा. पण एकदा तरी हाताने काढा, कोणतं फील्ड किती खातं ते डोक्यात बसतं.

इथे मिनिटांसाठी मी एसइंट३२ धरलाय, साधा इंट३२ नाही. साध्या इंट३२ मधे उणे आकडा नेहमी १० बाइट घेतो. गाडी दोन मिनिटं लवकर आहे म्हणून उणे २ पाठवलंत तर १० बाइट, तेच एसइंट३२ झिगझॅग करून १ बाइटमधे पाठवतो आणि कितीही मोठा आकडा असला तरी ५ च्या वर जात नाही. जिथे उणे आकडे येणार तिथे एसइंटच घ्या.

हे स्ट्रक्ट ठेवायचं कुठे

फंक्शनच्या आत लोकल व्हेरिएबल म्हणून ठेवू नका. ४४०८ बाइट स्टॅकवर जातील. क्यूबएमएक्सने (एसटीएम३२ चं प्रोजेक्ट बनवणारं टूल) बनवलेल्या प्रोजेक्टमधे स्टॅकसाठी डीफॉल्ट १०२४ बाइट लिहिलेले असतात आणि तो आकडा फक्त लिंकरची तपासणी आहे, चालू असताना कोणी अडवत नाही, स्टॅक खाली खाली येत ग्लोबल व्हेरिएबलवर लिहितो आणि बिघाड भलत्याच ठिकाणी दिसतो. फ्रीआरटीओएस या छोट्या कंट्रोलरच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर असाल तर टास्क बनवताना दिलेला स्टॅकचा आकडा बाइटमधे नसतो, वर्डमधे असतो, कॉर्टेक्स-एमवर २५६ म्हणजे १०२४ बाइट. ईएसपी३२ चिपसाठीच्या ईएसपी-आयडीएफमधे मात्र तोच आकडा बाइटमधे धरतात. एकाकडून दुसरीकडे कोड नेताना हे तपासाच.

म्हणून स्टॅटिक. फाइलच्या वर स्टॅटिक म्हणून जाहीर करा, म्हणजे ती जागा बीएसएसमधे (कायम राखलेल्या रॅमच्या भागात) जाते आणि बिल्ड झाल्यावर साइझ कमांडमधे आकडा दिसतो. रॅम संपणारच असेल तर ती लिंक करताना संपलेली चांगली, कलानगरच्या सिग्नलला संपलेली नको.

एक बारीक गोष्ट. बरेच जण डीकोडच्या आधी इनिट_झीरो वापरून स्ट्रक्ट कोरं करतात. ते असाइनमेंट म्हणून लिहिलंत तर ऑप्टिमायझेशन बंद असताना कंपायलर तात्पुरती प्रत स्टॅकवर बनवू शकतो, परत तेच ४४०८. मेमसेट करा. तसंही पीबी_डीकोड सुरुवातीला फील्ड कोरी करतोच, कॉलबॅक फील्डना मात्र हात लावत नाही.

दोन प्रती का लागतात

डीकोड सुरुवातीलाच जुनी माहिती पुसतो हे आमच्यासाठी महत्त्वाचं होतं. बोर्डावर चालू असलेल्या यादीवरच नवीन मेसेज डीकोड केला आणि तो मधेच नापास झाला तर जुनी पण गेली आणि नवी अर्धी. म्हणून दोन स्ट्रक्ट: एक बोर्ड वाचतोय ते, दुसरं रिकामं. नवीन मेसेज रिकाम्यात उतरवा, डीकोडने ट्रू दिलं तरच पॉइंटर अदलाबदल करा. फॉल्स दिलं तर पीबी_गेट_एरर मधला मजकूर लॉगमधे टाका आणि बोर्डाच्या कोपऱ्यात काहीतरी खूण दाखवा. आमच्याकडे अदलाबदल बरोबर होती पण फॉल्स आल्याचं कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे जुनी यादी गुपचूप फिरत राहिली.

दोन स्ट्रक्टचे ८८१६ आणि रिसीव्ह बफरचे ४६४६, झाले १३४६२. वीस केबीतले दोन तृतीयांश एका मेसेजने खाल्ले. एलईडी पॅनलचा बफर किरकोळ असतो, ३२ बाय १६ च्या पॅनलला एकरंगी ६४ बाइट, पण मोडेमची लायब्ररी, टास्कचे स्टॅक, लॉग, हे सगळं उरलेल्या ७ केबीत बसवायचं. बसलं असतं, पण पुढच्या वर्षी ३० चे ४० थांबे झाले असते की संपलं.

कॉलबॅक: इथे सगळ्यात जास्त जागा वाचते

तीसही नावं १२१ बाइटची कधीच नसतात. दादर १२, मुंबई १५. सरासरी ४० धरली तरी ३० नावांना १२०० लागतात आणि आपण त्यांना ३८४० देऊन बसलोय. मग नावं एकामागे एक चिकटवून एका १५३६ बाइटच्या अरेमधे ठेवायची, त्याला आम्ही ‘नावपेटी’ म्हणतो, आणि प्रत्येक थांब्याच्या नोंदीत फक्त नाव पेटीत कुठून सुरू होतं तो २ बाइटचा आकडा. नोंद म्हणजे आयडी २, जागा २, मिनिटं १, रिकामी १, एकूण ६ बाइट. तीस नोंदी १८०.

त्यासाठी थांब्यांच्या यादीला ऑप्शन्समधे एफटी_कॉलबॅक द्या आणि थांबा मेसेजमधलं नाव मात्र १२८ च्या मर्यादेने स्टॅटिकच राहू द्या. डीकोडच्या आधी फेरी स्ट्रक्टमधे फंक्स.डीकोड मधे आपलं फंक्शन आणि आर्ग मधे नावपेटीचा पॉइंटर भरा. यादीतला प्रत्येक थांबा आला की ते फंक्शन एकदा बोलावलं जातं आणि त्याला मिळणारा स्ट्रीम त्या एका थांब्यापुरताच मर्यादित असतो. आत काय करायचं ते क्रमाने सांगतो. आधी ३० झाले का बघा, झाले असतील तर फॉल्स. मग एका स्टॅटिक थांबा स्ट्रक्टमधे पीबी_डीकोड करा. मग नावाची लांबी अधिक एक एवढी जागा पेटीत आहे का बघा, नसेल तर फॉल्स. आयडी ६५५३५ च्या आत आणि मिनिटं उणे १२८ ते १२७ मधे आहेत का तेही बघा, कारण नोंदीत आपण लहान टाइप वापरतोय. सगळं ठीक असेल तर कॉपी करा, काउंट वाढवा, ट्रू द्या. फॉल्स दिलं की डीकोड तिथेच थांबतं आणि बाहेरच्या पीबी_डीकोडलाही फॉल्स मिळतं, म्हणजे वरची अदलाबदल आपोआप टळते.

स्ट्रीममधल्या सगळ्या बाइट वाचून संपवणं ही कॉलबॅकची जबाबदारी आहे, आत पीबी_डीकोड वापरलंत तर ते होतंच, स्वतः पीबी_रीड करत असाल तर बाइट्स_लेफ्ट शून्य होईपर्यंत वाचा.

रिसीव्ह बफरही कमी होतो. पीबी_आयस्ट्रीम_फ्रॉम_बफर ऐवजी स्वतःचा स्ट्रीम बनवा, त्याचं वाचायचं फंक्शन थेट यूएआर्टच्या २५६ बाइटच्या रिंग बफरमधून बाइट काढतं आणि टाइमआउट झाला तर फॉल्स देतं. प्रोटोकॉल बफर्सचा मेसेज स्वतःची लांबी सांगत नाही, म्हणून सर्व्हरने आधी लांबी पाठवायची, डीलिमिटेड पद्धत, आणि तुम्ही ती वाचून ४६४६ पेक्षा जास्त असेल तर तिथेच सोडून द्यायची. मेसेज पूर्ण यायच्या आधीच डीकोड सुरू होत असल्याने सीआरसी (मेसेज वाटेत बिघडला का ते सांगणारा आकडा) शेवटी तपासावा लागतो, तो जुळल्याशिवाय अदलाबदल नाही.

नवा हिशोब बघा. नावपेटी आणि नोंदी १७१६, दोन प्रती ३४३२. उरलेलं फेरी स्ट्रक्ट, यादीच्या जागी ८ बाइटचा कॉलबॅक, ३३२, दोन प्रती ६६४. तात्पुरता थांबा १३६, रिंग २५६. एकूण ४४८८. आधी १३४६२ होतं.

पॉइंटर फील्ड आणि हीप

मग एफटी_पॉइंटर का नाही, लायब्ररी स्वतः मॅलोक करेल, हवी तेवढीच जागा घेईल, असं वाटतं. मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं. पीबी_एनेबल_मॅलोक चालू करा आणि फील्डला पॉइंटर म्हणा, काम संपलं. पण आत काय होतं ते बघा.

यादीतला प्रत्येक नवीन थांबा आला की नॅनोपीबी पूर्ण अरेला एकाने मोठं करून रीअलोक करतं. त्यानंतर त्या थांब्याच्या नावासाठी वेगळी जागा घेतं. म्हणजे पुढच्या वेळी अरेच्या लगेच पुढे नाव बसलेलं असतं, अरे जागेवर वाढू शकत नाही, तो उचलून दुसरीकडे न्यावा लागतो आणि मागे भोक राहतं. लोकलमधे डब्यात दहा सीट रिकाम्या दिसतात पण एकेक अशा विखुरलेल्या, आणि चौघांना एकत्र बसायचं असतं, तशी हीपची, म्हणजे मॅलोक ज्यातून जागा देतो त्या मेमरीची, अवस्था होते. एकूण मोकळी जागा भरपूर आणि तरी मॅलोक नल देतो. बोर्ड दिवसरात्र चालू असतो, चौथ्या दिवशी कधीतरी बंद पडतो आणि टेबलावर तो बिघाड दिसतच नाही.

फ्रीआरटीओएसचा हीप वापरायचा तर त्यात रीअलोक नाहीच, तो स्वतः लिहावा लागतो. हीप_१ मधे फ्री नाही, हीप_२ शेजारचे मोकळे तुकडे जोडत नाही, हीप_४ जोडतो. मिसरा सी २०१२ या सुरक्षित सी कोडच्या नियमावलीचा नियम २१.३ तर मॅलोक-फ्री वापरूच नका म्हणतो, त्यामुळे गाडीत किंवा मेडिकल उपकरणात जाणारा कोड असेल तर हा विषय इथेच संपतो.

तरीही पॉइंटर लागलेच तर एक अरेना बनवा, म्हणजे एक स्टॅटिक अरे आणि कुठपर्यंत भरलं तो आकडा. पीबी_रीअलोक आणि पीबी_फ्री ही दोन्ही नावं आपल्या फंक्शनकडे वळवता येतात. जागा मागितली की आकडा ८ च्या पटीत पुढे, फ्री काहीच करत नाही, मेसेजचं काम संपलं की आकडा शून्य. तुकडे पडत नाहीत, वेळ ठरलेला, आणि सर्व्हरने कितीही मोठा मेसेज पाठवला तरी अरेनापलीकडे जात नाही. पण यादी पॉइंटर असेल तर अरेनात ती फार महाग पडते. थांब्याची नोंद आयडी ४, नावाचा पॉइंटर ४, मिनिटं ४, म्हणजे १२ बाइट. अरे प्रत्येक वेळी नव्या जागी जातो आणि जुना तसाच पडून राहतो, १२, २४, ३६ असं ३६० पर्यंत, ८ च्या पटीची भर न धरताही बेरीज ५५८० बाइट, कामाच्या त्यातल्या फक्त ३६०. नावं अजून धरलीच नाहीत. सरळ स्टॅटिक यादी ४०८० होती! म्हणून माझा नियम असा, रिपीटेड सबमेसेजला पॉइंटर नाही, एकट्या मोठ्या मजकुराला चालेल. आमच्या सूचनेच्या फील्डला तो चालला असता, पण ३०१ बाइटसाठी एवढं करायची गरज वाटली नाही.

आणि पॉइंटर वापरत असाल तर त्याच स्ट्रक्टवर दुसऱ्यांदा डीकोड करायच्या आधी पीबी_रिलीज करा. डीकोड सुरुवातीला पॉइंटर नल करतो, जुना पत्ता गेला की ती मेमरी परत मिळत नाही. डीकोड नापास झालं तर रिलीज तो स्वतः करतो, यशस्वी झालं तर ते तुमचं काम.

छोट्या छोट्या गोष्टी

वनऑफ (अनेक फील्डपैकी एका वेळी एकच येतं) म्हणजे युनियन, त्याची जागा त्यातल्या सगळ्यात मोठ्या फील्डएवढी. एका कोपऱ्यात ५१२ बाइटचा मजकूर घातलात तर दोन बाइटची हो-नाही कमांड पण ५१२ अडवते. मोठं फील्ड वनऑफच्या बाहेर काढून वेगळा मेसेज करा. इंट_साइझ:आयएस_८ दिलंत तर स्ट्रक्टमधे एकच बाइट लागते, तारेवर फरक पडत नाही. १ ते १५ क्रमांकाच्या फील्डचा टॅग एका बाइटचा, १६ पासून दोन, तेव्हा वारंवार येणारी फील्ड खालच्या क्रमांकावर ठेवा.

पाठवायच्या बाजूला, कॉलबॅकने सबमेसेज एन्कोड करत असाल तर तुमचं फंक्शन दोनदा बोलावलं जातं, आधी आकार मोजायला आणि मग खरं लिहायला. त्यात थेट एडीसी (सेन्सरचं व्होल्टेज मोजणारा भाग) वाचू नका, दोन वेळा दोन वेगळे आकडे आले आणि लांबी बदलली की ‘सबमेसेज साइझ चेंज्ड’ ही एरर येते. आधी वाचून ठेवा, मग एन्कोड.

डीकोडला बफर देताना आलेल्या बाइटची संख्या द्या, बफरचा साइझऑफ नाही. मागे शून्यं उरलेली असतील तर ‘झीरो टॅग’ म्हणून चांगला मेसेजही नापास होतो.

तपासणी

आम्ही आता एक टेस्ट फाइल रेपोमधे ठेवलीय. पहिला मेसेज: नावं सोडून सगळी फील्ड कमाल, ३० थांबे, नावं अशी भरलेली की नावपेटी १५३६ वर अगदी काठोकाठ, सूचना ३०० बाइट. हा पास झाला पाहिजे. दुसरा त्यात एक बाइट जास्त, हा नापास झाला पाहिजे आणि जुनी यादी शाबूत राहिली पाहिजे. तिसरा ३१ थांब्यांचा. चौथा सीएसएमटीच्या नावाच्या मधे तुटलेला, कारण सायन-कुर्ल्याच्या पट्ट्यात मोडेम तसा तुटायचा. मग याच मेसेजच्या कुठल्याही बाइट बदलून पीसीवर अॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) लावून रात्रभर चालवायचं, नॅनोपीबी पीसीवर तसंच्या तसं कंपाइल होतं.

स्टॅकसाठी जीसीसीचा एफस्टॅक-यूसेज लावून प्रत्येक फंक्शनचा आकडा बघा, आणि बोर्डावर कमाल मेसेज डीकोड करून झाल्यावर हाय वॉटर मार्क (स्टॅक सगळ्यात जास्त किती भरला तो आकडा) छापा, आधी नाही, कारण कॉलबॅकच्या आत परत पीबी_डीकोड चालतं आणि सगळ्यात खोल स्टॅक तिथेच जातो. शेवटी स्टॅटिक असर्टच्या, म्हणजे बिल्ड होतानाच तपासल्या जाणाऱ्या, दोन ओळी: फेरी स्ट्रक्ट ३३२ पेक्षा मोठं नको, मेसेजचा कमाल आकार ४६४६ पेक्षा जास्त नको. यादी कॉलबॅक झाल्यावर जनरेटर फेरीचा साइझ मॅक्रो देत नाही, म्हणून दुसरी ओळ थांब्याच्या मॅक्रोवरून लिहायची, त्यात यादीतला टॅग १ आणि लांबी २ मिळवायची, ३० ने गुणायचं आणि बाकी फील्डचे ३२६ मिळवायचे. मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याने थांब्यात प्लॅटफॉर्मचं फील्ड वाढवलं, तेव्हा बिल्ड त्या दुसऱ्या ओळीवर थांबला आणि बेरीज त्याच दुपारी नव्याने झाली.